कच्च्याला नाव नाही

आधी ज्यांचे उपकार आहेत त्यांचं सांगते, मग काय घडलं ते. लातूरला मला आणि माझ्या पोरीला ज्यांनी खोली दिली, आणि पुढं एका दिवशी खोलीहून कितीतरी मोठं काही दिलं, त्या आमच्या घरमालकीण. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, मूळ उदगीरच्या, लग्न न केलेल्या. गल्लीत कुणी त्यांना कोळ्याच्या मॅडम म्हणे, कुणी जाळेवाल्या बाई. मी नुसतं मॅडम म्हणायची. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण छापलेल्या नावानं त्यांना एकदा लई पोळलेलं आहे. ते पुढं येईल.

मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. लिहायची सवय नाही, आणि एका जागी बसायची तर मुळीच नाही. आता राहते कोकणात, नायगावच्या माझ्या घरापासून इतकी लांब की जायचं म्हटलं की दोन दिवस आधी पिशवी भरावी लागते. एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. भाताचं पातेलं चढवलं की मधे जो वेळ मिळतो त्यात हे लिहून राहिले. मधूनच उठते, गॅस बघते, परत बसते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमच्या नायगाव तालुक्यातून, नांदेडकडच्या कितीतरी गावांतून अशा आया लातूरला येऊन राहतात. नवरा गावाकडं शेतात, पोरगं नाहीतर पोरगी डॉक्टरकीच्या क्लासला, आणि आई एका खोलीत शेगडीपाशी. डबा करायचा, घड्याळ बघायचं, परीक्षेच्या दिवसाला घाबरायचं, एवढंच काम. मी पोरीला घेऊन खोली शोधत मॅडमच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी भाडं, जात, गाव काही विचारलं नाही. विचारलं ते असं :

"झाडू कसा मारता?"

"रोज दोनदा मारते की."

"खाली का वर?"

"वर बी मारते," मी फुशारकीनं म्हटलं. "जाळंजळमट एक दिवस ठेवत न्हाई मी."

"मग खोली न्हाई."

दार लागलं. मी तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. रडू मला लवकर येतं. थोड्या वेळानं दार परत उघडलं. अंगावर साडी, साडीवर पुरुषाचा मोठ्या खिशांचा शर्ट, हातात अर्धा पिऊन थंड झालेला चहा.

"रडू नको. कुठलीस?"

"नायगावची."

"हे बघ नायगाव, दाराच्या चौकटीपर्यंत घर तुझं. चौकटीच्या वर माझं. कबूल?"

"कबूल."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नायगाव' झाले. पहिला महिनाभर मला झोप लागली नाही. वर बघितलं की छताच्या कोपऱ्यात जाळ्याचं एक चाक लटकलेलं, त्यात ती, कोळ्याची मादी, बसलेली. पोरगी निजायची, मी जागी. एकदा सकाळी मी घाबरत म्हटलं, "मॅडम, तो किडा तोंडात पडला तर?"

"किडा म्हणू नको. सहा पाय असतील तो किडा. मोज हिचे."

मी मोजले नाहीत. मला जवळ जायचीच हिंमत नव्हती. त्यांनीच स्टुलावर चढून मोजून दाखवले, मोठ्यानं, बालवाडीत शिकवतात तसे.

मॅडमना मी कधी निवांत बसलेलं बघितलं नाही. चहा चालता चालता प्यायच्या, अर्धा कप कुठंतरी ठेवायच्या, मग दिवसभर घरात ठिकठिकाणी कप सापडायचे. जेवताना एक पाय हलत असायचा. बोलता बोलता खिडकीशी जायच्या, परत यायच्या, आपण काय सांगत होतो ते विसरायच्या. मला वाटायचं, माझ्याच जातीची बाई आहे ही, आतून सुखाला पारखी. पण जाळ्यासमोर उभ्या राहिल्या की निराळंच. डास हातावर बसून फुगला तरी हलायच्या नाहीत. श्वास सुद्धा नाकानं, हळू. जाळं हलायला नको म्हणून.

शर्टाच्या एका खिशात पावडरचा डबा. कोवळ्या उन्हात कुंपणाशी जायच्या आणि हवेत पावडर फुंकायच्या. जे जाळं डोळ्यांना दिसत नाही त्याच्या तारांवर पावडर बसते आणि सगळं चाक उमटतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बघा, झाडाला पावडर लावून राहिल्या. सवता कधी लावली न्हाई." दुसऱ्या खिशात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, स्पिरिट भरलेल्या. त्यामुळं अंगाला वास यायचा. समोरची बाई एकदा मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "रोज घेतात वाटतं मॅडम."

मॅडम वळून म्हणाल्या, "मी न्हाई घेत, माझ्या पोरी घेतात. एकदाच, पण कायमची."

हे बोलताना हसल्या खऱ्या. पण बाटलीत सोडायच्या आधी त्या दर वेळी पुटपुटायच्या, "माफी असावी." मी ऐकलेलं आहे.

आता मिलमधल्या बाईचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी आहे.

गावाबाहेर एका अप्पांची तुरीची डाळमिल आहे. अप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं गोड, माणूस दिलदार. मॅडमनी त्यांच्या भावाला कधीकाळी शिकवलेलं, म्हणून मिलमधे त्यांना कुणी अडवत नसे. मिलच्या जुन्या शेडमधे छताखाली त्यांना एक कोळी दिसला. तुरीच्या दाण्याएवढा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही दिसलंच नाही.

"दिसली?"

"न्हाई."

"नीट बघ. मधे काय हाय?"

"केर हाय मॅडम. टरफलं हायत."

"त्या केरात बाई बसलीय."

खरंच होतं. चाकासारखं जाळं, त्याच्या बरोबर मधून वर-खाली टरफलांची एक ओळ, जणू कुणी माळ लावलीय, आणि त्या माळेत पाय पोटाशी घेऊन ती. रंग टरफलाचा, आकार टरफलाचा. मॅडम म्हणाल्या, असे कोळी दुसरीकडंही असतात, खाल्लेल्या किड्यांचे सांगाडे आणि पाला ओवून त्यात लपतात. ही मिलमधे राहते म्हणून तूर ओवते. "पण टरफलावर जाऊ नको. टरफल तिचं न्हाई, अप्पांचं हाय."

आदल्या साली त्यांना त्याच शेडमधे एक नर सापडला होता, पूर्ण वाढलेला. त्याच्या तोंडापाशी दोन गुंडाळ्या असतात, जात त्यावरून कळते, त्यांची त्यांनी चित्रं काढून कोलकात्याच्या एका जाणकारांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं की असा कुठल्याच पुस्तकात नाही, नवीन दिसतो, एवढ्यावर सुद्धा छापता येईल, छापून टाका. सगळे तेच म्हणत होते. मॅडम ऐकत नव्हत्या. त्यांना मादी पाहिजे होती, आणि तीही पूर्ण वाढलेली. मिलमधे मिळत होत्या त्या सगळ्या कच्च्या. घरी डब्यात आणून वाढवायचा प्रयत्न केला तर डब्यात जाळंच करायच्या नाहीत, उपाशी मरायच्या. दोन अशा गेल्या. तेव्हा जिथं आहे तिथंच तिला मोठी होऊ द्यायची, आणि मोठी झाली की घ्यायची, एवढाच रस्ता उरला होता.

अप्पांना बातमी लागली की आपल्या मिलमधे नवीन काही निघालंय. ते पेढे घेऊन घरी आले. मी चहा टाकला.

"मॅडम, एक मागणं हाय. आमच्या अव्वाचं, आईचं, नाव द्या त्याला. अव्वानंच मिल उभी केली."

"नाव नंतर अप्पा. आधी मादी तर भेटू द्या."

"पन तुमी वळखता कसं हो, नवं का जुनं? रंगावरून?"

"रंगात काय हाय? एका आईच्या चार पोरींचे चार रंग. जननांगावरून ओळखायचं."

अप्पांचा चहा घशाशी थांबला.

मॅडमना त्याचं काही नाही. वर्गात शिकवावं तसं चालू. "मादीच्या पोटाखाली कुलूप असतं अप्पा. जातीजातीचं कुलूप निराळं. नराची किल्ली तिथं बसली पाहिजे. कुलूप बघितल्याबिगर मी नाव देत न्हाई, आन् कच्च्या मादीला कुलूपच आलेलं नसतं. शेवटची कात टाकली की येतं. तुमच्या अव्वाचं नाव..."

"राहू द्या, राहू द्या मॅडम," अप्पा घाईनं उठले. "शिव शिव. अव्वाचं नाव मिलला हायच की."

मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. मॅडम मात्र गंभीरपणे विचारत होत्या, "काय झालं ह्यांना?"

मग मीच एकदा धीर करून विचारलं, मॅडम, नर सापडलाय, मोठी माणसं म्हणतायत छापा, मग तुम्ही एवढं का ताणता? त्या मेथी निवडत होत्या, म्हणजे एक काडी निवडायच्या आणि उठायच्या.

"नवऱ्यावरून घर ओळखू नये, नायगाव," म्हणाल्या. मग हसल्या नाहीत. "मी एकदा घाई केलीय."

नांदेडला नवीन नोकरी लागली होती तेव्हाची गोष्ट. मुदखेडच्या स्टेशनात पुढच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या, तिथं बाभळीवर एक मादी सापडली. अंगावर अशी नक्षी की त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. महिनाभरात लेख लिहून पाठवला, छापून आला, आणि नाव दिलं वडलांचं. वडील उदगीरला किराणा दुकान चालवायचे. पोरीला शिकवतो म्हणून भाऊबंदांची बोलणी खाल्लेला माणूस. त्यांनी ते पान चौकटीत घालून दुकानात शंकराच्या फोटोशेजारी लावलं. गिऱ्हाइकाला तेल देता देता दाखवायचे. पुढं काही वर्षांनी बाहेरच्या एका अभ्यासकानं तीच मादी तपासली आणि लिहिलं की ही तर कच्ची. जिथं तिथं सापडणाऱ्या एका साध्या जातीचं पोर. मोठी झाली की नक्षी जाते. नाव रद्द.

"वडलांना सांगितलं?" मी विचारलं.

"न्हाई. ते गेले तोपर्यंत चौकट तिथंच होती. माझ्या बापाचं नाव मी एका कच्च्या पोरीच्या गळ्यात बांधलं, आन् ते सगळ्या दुनियेनं सोडून घेतलं." मेथीची जुडी तशीच टाकून त्या खिडकीशी गेल्या. "म्हणून कच्च्याला नाव न्हाई. कुणी काही म्हणो."

आणि त्यांच्यापाशी वेळ नव्हता. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्यात पाणी उतरत चाललेलं. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला की थोड्या वेळानं कपाळ दाबून धरायच्या. "हे साल हाय. फार तर पुढचं," असं एकदा सहज म्हणाल्या, जसं आपण म्हणतो गॅस संपत आलाय.

इकडं माझं निराळंच चाललेलं. क्लासात दर आठवड्याला परीक्षा, आणि नंबर थेट माझ्या फोनवर. पोरगी दारात चप्पल काढायच्या आत मी विचारायची, किती? कितवी? जेवताना परत. ती आधी सांगायची, मग नुसती मान हलवायची, मग तेही बंद केलं. मॅडमनी एकदा मला अंगणात गाठलं.

"रोज रोज काय तोलतीस तिला? डाळ हाय का ती?"

"मॅडम, तिचा बाप तिकडं..."

"बाप तिकडं, तू इकडं, ती कुठं हाय? इचारलं का कधी?"

मला राग आला. पोर नसलेल्या बाईला काय कळतं, असंही मनात आलं. फिकीर माणसाला वाईट करते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मिलमधे त्या दिवशी यंत्रांची पूजा. त्याच्या आदल्या दिवशी सगळी मिल धुऊन, झाडून, जाळी काढून लख्ख करतात. देवीच्या कामाला जाळं ठेवत नाहीत. नेमकी त्याच आठवड्यात शेडच्या कोपऱ्यात एक मादी शेवटच्या कातेला आलेली. मॅडम रोज भिंग लावून बघत होत्या, पोट काळवंडलंय, खायचं सोडलंय, म्हणजे आज नाहीतर उद्या. त्यांनी अप्पांकडं शब्द टाकला. अप्पा म्हणाले, "तुमी खाली बसलात की कुनी हात लावनार न्हाई. पन सांजच्याला सगळं साफ पाहिजे मॅडम, तेवढं माझं ऐका." ठरलं. साफसफाईच्या दिवशी मॅडम सकाळीच डबा घेऊन मिलमधे जाऊन कोपऱ्याखाली बसल्या.

आणि इकडं दहाच्या सुमाराला माझ्या फोनवर क्लासचा मेसेज : तुमची मुलगी आज गैरहजर.

ती तर डबा घेऊन सातलाच गेली होती. तिच्याकडं फोन नव्हता, मीच ठेवून घेतला होता, अभ्यास मोडतो म्हणून. मी चप्पल न घालता गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, परत आले, परत गेले. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. क्लासला फोन केला, कुणी उचलेना. नवऱ्याला करायची हिंमत होईना. मग मॅडमना केला. मेसेज वाचून दाखवला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : काल काय बोललीस तिला? आणि दप्तर नेलंय का कपडे?

मी बघितलं. दप्तर खाटेखाली होतं. एक ड्रेस नव्हता.

"घरीच बस. कुठं जाऊ नको," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचं मला पोरीनं सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी. तीन तास स्टँडवर घालवून ती शेवटी नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसली होती, तिथून नायगाव गाठायचं म्हणून. गाडी सुरू झालेली. एक म्हातारी बाई स्कूटर फलाटावर तशीच आडवी सोडून हात करत गाडीपुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. मॅडम वर चढल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

कंडक्टर आला. "आजी, कुठं?"

"ही जाईल तिथं."

"आं?"

"हिचं तिकीट कुठलं हाय? तेच मला."

पोरीला वाटलं आता ओरडतील, हात धरून उतरवतील. चाकूर गेलं तरी मॅडम काही बोलल्याच नाहीत. एक पाय तेवढा हलत होता. मग आपल्याशीच बोलल्यासारखं सांगायला लागल्या, कात टाकताना ती कशी करते. धाग्याला उलटी लटकते. आधी पाठ फुटते, मग एकेक पाय जुन्या कातडीतून ओढून काढते, मोजा काढावा तसा. त्या वेळी अंग लोण्यासारखं मऊ असतं. कुणी नुसता धक्का दिला, जाळं हलवलं, तरी पाय वाकडा राहतो, आणि वाकडा तो जन्माचा वाकडा.

"मग कुणी हलवलं तर?" पोरीनं विचारलं. त्या दिवसातलं तिचं पहिलं बोलणं.

"म्हणून तर खाली बसावं लागतं," मॅडम म्हणाल्या.

पोरगी रडायला लागली. मॅडमनी डबा उघडून भाकरी पुढं केली. अहमदपूरला दोघी उतरल्या, चहा प्यायल्या. मॅडम म्हणाल्या, "नायगावला जायचं असंल तर नांदेडपर्यंत तिकीट हाय आपल्याकडं, मी येते संगं. लातूरला जायचं असंल तरी येते. मला दोन्ही सारखंच." पोरगीच म्हणाली, लातूर.

दुपार कलल्यावर दोघी दारात उभ्या. मी धावले, तर मॅडमनी मधे हात आडवा घातला.

"हात लावू नको आज. काही इचारू बी नको. जेवायला वाढ नुसतं."

एवढं बोलून पाणी न पिता निघाल्या. मला वाटलं, कुठं चाललेत तर चाललेत. माझी पोर घरात होती, मला दुसरं काही सुचत नव्हतं. मिलचं मला आठवलं सुद्धा नाही, हे खरं ते लिहिते.

दिवे लागायच्या आधी मिलचा मुकादम मोटारसायकलवर आला. "ताई, मॅडम आमच्याकडं केरात बसल्यात. कुनाचं ऐकनात. जरा चला."

मी आणि पोरगी गेलो. शेड लख्ख झालेली. यंत्रांना झेंडूच्या माळा चढत होत्या. आणि एका बाजूला झाडून काढलेल्या केराचा हा ढीग, सगळा तुरीच्या टरफलांचा. त्या ढिगाशी मॅडम जमिनीवर बसून, भिंग डोळ्याला लावून, मूठ मूठ टरफल कागदावर पसरून बघत होत्या. जो प्राणी टरफलासारखा दिसावा म्हणून जन्माला आलाय तो त्या टरफलांत शोधत होत्या. एका अधू डोळ्यानं.

मॅडम फोन आल्याबरोबर उठल्या होत्या. जाताना मुकादमाला सांगून गेल्या, तो कोपरा ठेवा. मुकादमानं सकाळच्या बायकांना सांगितलं. दुपारी दुसऱ्या बायका आल्या, लांब बांबूला झाडू बांधून. त्यांना काय ठाऊक?

त्यातली एक वयस्क बाई कडेला उभी होती, जवळ जवळ रडकुंडीला आलेली. "बाई, देवीच्या कामाला जाळं ठेवावं व्हय? म्या म्हनलं, राहिलंय वाटतं कुनाचं."

"तुमचं काय चुकलं न्हाई मावशी," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "तुमचं काम तुमी बेस केलं. एवढं बेस कशाला केलं तेवढं सांगा."

बाई हसली, मग डोळे पुसले, आणि सूप घेऊन खाली बसली. बघता बघता पाच-सहा जणी बसल्या. सुपातून टरफल हळूहळू पाखडायचं, हलणारं काही दिसलं की ओरडायचं. मुंग्या निघाल्या, सोनकिडे निघाले, एक झुरळ निघालं. आता मला कळलं होतं, ह्या बाईनं आज काय सोडून माझी पोर आणली. एवढ्या वर्षांची वाट, वडलांच्या चौकटीचं उट्टं, आणि डोळ्यात राहिलेला थोडासा उजेड. मी एकदा "मॅडम" असं म्हटलं, त्या म्हणाल्या, "बोलू नको, टरफल उडतं."

पोरगी टॉर्च घेऊन भिंतीशी गेली. तिथं तो बांबूचा झाडू टेकवलेला होता. ती त्याच्या काड्या एकेक करून बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, हे काय हाय?"

काड्यांमधे अडकलेली, फोलकटासारखी एक खोळ. आठ पाय, पोकळ, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. मॅडमनी ती चिमट्यानं काढून भिंगाखाली धरली. कितीतरी वेळ धरली. मला वाटलं आता ही बाई मोडणार.

त्या हसायलाच लागल्या. "झाली गं! झाली पक्की. ही शेवटची कात हाय तिची. सकाळीच टाकली असंल, मी उठल्यावर." पोरीच्या डोक्यावर थापट्या मारत म्हणाल्या, "बघ, पाय बघ, सगळे सरळ निघालेत. एक बी वाकडा न्हाई."

"पन ती कुठंय?" सूपवाल्या मावशीनं विचारलं.

"ती व्हय? ती गेली तिच्या कामाला."

अप्पा येऊन उभे होते. त्यांना सगळं कुणीतरी सांगितलेलं. "मॅडम, उद्याची पूजा दुपारवर ढकलू का? सकाळी परत बघा उजेडात."

"नको अप्पा. देवीची वेळ चुकवू नका." त्या भिंतीला धरून उठल्या. गुडघे वाजले. साडीभर टरफल. "सापडायची असंल तर सापडंल."

सापडली नाही. दुसऱ्या साली शेडचे पत्रे बदलले, औषध मारलं, तेव्हा एकही दिसली नाही. मॅडमनी नरावर छापलं का? नाही. तो अजून त्यांच्या कपाटात बाटलीत आहे. चिठ्ठीवर गाव आहे, दिवस आहे, नावाची जागा मोकळी.

पोरगी डॉक्टर झाली नाही. गुरांच्या दवाखान्याचं शिक्षण मिळालं, ते इकडं कोकणात, म्हणून मी तिच्यामागं आले. गावाकडचे लोक म्हणतात, दोन सालं लातूरला घालवून काय मिळवलं? मी आता तिला मार्क विचारत नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. विचारते. पण ती चिडली की थांबते.

मॅडमचा फोन येतो. दोन मिनिटं बोलतात, मधेच कुठंतरी जातात, फोन चालूच राहतो. डोळ्याचं विचारलं की म्हणतात, "माणसं दिसतात. तेवढी पुरेत." मागच्या महिन्यात मुकादमाचा फोन आला होता. म्हणाला, ताई, जुन्या गोदामात वर टरफलाच्या माळा दिसून राहिल्यात, मॅडमना सांगू का? मी म्हटलं, एवढ्यात नका सांगू. कच्च्या असतील.

तर मॅडम, तुम्हाला कुणी हे वाचून दाखवत असेल तर ऐका. येत्या नवरात्रात मी रजा टाकलीय. त्या गोदामात खाली मी बसणार, साफसफाई संपेपर्यंत. पोरगी संगं असेल. कुलूप आलं का ते ती बघेल, तिचे डोळे चांगले आहेत आणि तिला आता बघता येतं. तुमच्या हातात एक पूर्ण वाढलेली मादी द्यायची, मग तिचं नाव तुम्ही ठेवाल ते. एवढं मी कधीतरी फेडणार.

एकच भीती वाटते. तिथं बसलेली असताना कुणाच्या तरी आईचा असाच फोन आला तर? मी लई विचार केला मॅडम. तर मी उठेन. आणि पुढच्या साली परत येऊन बसेन.